उरलेले एकोणतीस

६ जानेवारी, सोमवार

सकाळी जबलपूरला उतरलो. स्टेशनबाहेर ऑटोवाल्याने एका नजरेत मला परगावचा ओळखलं आणि सदरपर्यंत अख्ख्या शहराचं दर्शन घडवलं. त्यात एक चौक दोनदा पाहिला. तक्रार नाही. नव्या गावात पहिली फसवणूक हसतमुखाने झाली की मुक्काम लाभतो, असा माझा अनुभव आहे.

खोली छान आहे. सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत, वरचा मजला, खिडकीत ऊन. घरमालक रामकृष्णजी तोफांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. घराणं मूळचं अमरावतीकडचं, पण तीन पिढ्या इथे. मराठीत वाक्य सुरू करतात आणि हिंदीत संपवतात. आल्या आल्या त्यांनी मटार-पोह्यांची बशी पुढे केली आणि विचारलं, या वयात नागपूर काहून सोडलं.

या वयात म्हणजे एक्कावन्न. वीस वर्षं मी औषधाच्या खोक्यातलं ते घडीचं पान लिहीत आलो. बारीक टायपातलं, कोणीही न वाचलेलं, गोळ्या संपल्यावर कपाटाच्या पायाखाली घालायला उपयोगी पडणारं. लोक वाचायचे ते माझं रविवारच्या पुरवणीतलं विनोदी सदर. आधी पुरवणी बंद पडली, मग औषध कंपनीने मला निरोपाचा नारळ दिला. सदर गेलं म्हणून सदरला आलो, असं रामकृष्णजींना सांगितलं. ते हसले नाहीत. इथे मेहनत घ्यावी लागणार.

मित्राचा धाकटा भाऊ अनिमेष इथल्या एका खासगी इस्पितळात मूत्रविकारांचा डॉक्टर आहे. त्याने बोलावलं म्हणून आलो. काम कागदांचं आहे. मला जमतं तेच.

९ जानेवारी, गुरुवार

आज यंत्र पाहिलं. छोट्या कपाटाएवढं आहे. क्षमा नावाची नर्स ते देवघरासारखं पुसते.

प्रकार असा. मूत्रपिंडात सुपारीएवढी गाठ सापडते, आतल्या वाईट पेशींची. पूर्वी अख्खं मूत्रपिंड काढत. नंतर गाठीपुरता तुकडा काढू लागले. आता बाहेरूनच सुया खुपसून गाठ जागच्या जागी मारतात. तापवून मारायची पद्धत जुनी. ही नवी विजेची आहे. गाठीच्या दोन बाजूंना दोन सुया, मध्ये दोन सेंटीमीटर, आणि सुईपासून सुईपर्यंत विजेचे झटके, एकूण नव्वद. दहा झाले की क्षणभर थांबायचं, मग पुढचे दहा. जळत काही नाही. पेशीच्या भिंतीला भोकं पडतात, वरून ती शाबूतच दिसते, आणि एक-दोन दिवसांनी आपण होऊन मरते. अनिमेष म्हणाला, तिला उशिरा कळतं.

झटका हृदयाशी जुळवून घ्यावा लागतो. ठोका पडल्या पडल्या एक निमिष असं असतं की तेव्हा हृदय बाहेरचं काही मनावर घेत नाही. यंत्र दर ठोक्यामागे ते निमिष गाठतं. मला हे फार आवडलं. विनोदी लेखकाचा धंदा याहून वेगळा काय असतो?

जुनी पद्धत बरी की नवी, हे तपासायला आमची चाचणी आहे. वीस रुग्ण हवेत, अकरा झालेत. कोणाला कोणती पद्धत ते संगणक ठरवतो. माझं काम संमतिपत्राचं. बारा पानं रुग्णाला त्याच्या भाषेत वाचून दाखवायची, शंका फेडायच्या, सगळं कॅमेऱ्यात घ्यायचं आणि शेवटी ‘रुग्णाने विचारलेले प्रश्न’ ही चौकट भरून सही घ्यायची.

चौथ्या पानावर ‘इतर पर्याय’ नावाचा लांबलचक परिच्छेद आहे. गाठ लहान असेल, वय झालेलं असेल, तर काहीच न करता नुसतं लक्ष ठेवणं हाही पर्याय आहे, वगैरे. इस्पितळाच्या नैतिकता समितीने मंजूर केलेला मजकूर बदलता येत नाही. वाचण्याचा वेग मात्र आपल्या हातात असतो. तिथे ऐकणाऱ्याचं लक्ष उडणार, म्हणून मी तो परिच्छेद गाडीने छोटं स्टेशन सोडावं तसा सोडणार.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. बारावा रुग्ण मिळाला आणि तोही मराठी. गुणवंतराव, वय एकाहत्तर, गणिताचे निवृत्त शिक्षक. अख्खा दीक्षितपुरा मोहल्ला त्यांना मास्साब म्हणतो. मी सर म्हणालो. सोबत मुलगी पद्मजा होती. ती शाळेत विज्ञान शिकवते, मराठी तिला सगळं समजतं, बोलताना हिंदीचा टेकू घेते.

पित्ताशयात खडे आहेत का ते पाहायला सोनोग्राफी केली. खडे नव्हते, डाव्या मूत्रपिंडात गाठ निघाली. दोन पॉइंट दोन सेंटीमीटर. दुखत नाही, खुपत नाही. सर रोज पहाटे नर्मदेवरच्या ग्वारीघाटापर्यंत सायकलने जाऊन येतात.

मी नागपूरचा म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की मला माझीच किंमत वाढल्यासारखी वाटली. इस्पितळातल्या हिंदी कागदांच्या ढिगात कोणीतरी आपल्या भाषेत बोलणारं भेटलं, म्हणाले, आता चिंता नाही. तिळगूळ दिला. पिशवीतून भेडाघाटच्या दगडाचा बोटाएवढा नंदी काढून माझ्या टेबलावर ठेवला, कागद उडू नयेत म्हणून.

२१ जानेवारी, मंगळवार

आजचा दिवस नोंदवून ठेवण्यासारखा. सरांची संमती झाली. पद्मजाला शाळा होती, सर एकटेच आले. खोलीत मी, ते आणि कॅमेरा धरून क्षमा.

मी रंगात होतो. बारा पानं बारा मिनिटांत, वर हशा. तापवायच्या पद्धतीला मी वांग्याचं भरीत म्हटलं. सर मान डोलवत होते. सगळं संपल्यावर त्यांनी हात वर केला. खरंच, वर्गात मुलं करतात तसा.

“अन् तशीच राहू दिली तं? काहून छेडायचं तिला?”

उत्तर चौथ्या पानावर होतं. पण त्या वेळी मला सुचलं ते असं.

“सर, बिनबोलावता पाहुणा घरात येऊन बसला अन् म्हणाला, मी कोणाला त्रास नाही देत, राहू द्या मले. ठेवाल का?”

क्षमाच्या हातातला कॅमेरा हसण्याने हलला. सरही हसले आणि त्यांनी हात खाली घेतला.

अनिमेषने चित्रफीत पाहिली आणि डोक्याला हात लावला. प्रश्न आहे, उत्तराच्या जागी विनोद आहे, समिती फाडून खाईल. म्हणाला, पुन्हा घ्या, सरळ. मी सरांना समजावलं की या वेळी मध्ये काही नको, शेवटी मी विचारीन तेव्हा ‘प्रश्न नाही’ एवढंच म्हणायचं. शिक्षक माणूस, सूचना दिली की पाळतो. दुसऱ्या खेपेला सगळं बिनचूक झालं. पहिली फीत मी स्वतः पुसली. चौकटीत लिहिलं: प्रश्न नाही.

जाताना सर दारात थांबले. माझ्याकडे वळले, काहीतरी बोलणार असं वाटलं. मग म्हणाले, चलो, ठीक आहे. गेले.

संगणकाने त्यांना वीज दिली.

३० जानेवारी, गुरुवार

हे आजच लिहिलं पाहिजे.

सकाळी दहाला सरांना आत घेतलं. पद्मजा बाहेर बाकावर, मांडीवर वडिलांचा चष्मा आणि घड्याळ. मी काचेमागे. झटके मोजून लिहायचे, हे माझं काम. भूल दिलेली, स्नायू ढिले केलेले, तरी दर झटक्याला अंग किंचित उडतं. झोपलेल्या माणसाला कोणी हळूच हाक मारावी तसं. दहा झाले, थांबले. वीस झाले, थांबले. मी कागदावर रेघा ओढत होतो. साठपर्यंत सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं.

एकसष्टाव्याला हृदयाची लय मोडली. यंत्र आपोआप थांबलं. अनिमेषने आणि भूल देणाऱ्यांनी चाळीस मिनिटं प्रयत्न केले. मी पेन हातात धरून उभा होतो. माझ्या कागदावर एकसष्ट रेघा आणि पुढे रिकामी जागा.

पद्मजा ओरडली नाही. तिने घड्याळाला किल्ली दिली आणि ते पर्समध्ये ठेवलं.

चूक कोणाचीच नव्हती. दहा वेळा तपासलं. सुया जागेवर, यंत्र ठीक, हृदयाचे अहवाल स्वच्छ. हजारांत एखाद्याला होतं, असं नवव्या पानावर लिहिलेलं आहे. तिथे सरांची सही आहे.

संध्याकाळी गंभीर घटनेचा कागद भरायला बसलो. तेरावा रकाना: संमतीच्या वेळी रुग्णाने काही शंका विचारली होती का? नंदी कागदावर होता. तो बाजूला केला आणि ‘नाही’ लिहिलं.

त्याच वेळी डाव्या कुशीत झटका बसला. पेटका आला असणार. दिवसभर उभा होतो. पेनाची रेघ मात्र रकान्याच्या बाहेर गेली.

३१ जानेवारी, शुक्रवार

अनिमेषचे डोळे सुजलेले. तो चांगला माणूस आहे, हे इथे लिहून ठेवतो. पहिली फीत आठवते का, असं त्याने विचारलं नाही. विचारलं ते असं की कागद सगळे नीट आहेत ना, दादा, त्यांनी काही विचारलं-बिचारलं नव्हतं ना.

नाही म्हणालो. पुन्हा झटका, तिथेच. अंग उडालं. त्याला वाटलं मी हुंदका दिला. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मला तो हात काढून टाकावासा वाटला. काढला नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

चाचणीला पैसे पुरवणाऱ्या कंपनीचा बेंगळुरूहून फोन आला. अंकुर नावाचा गोड आवाजाचा माणूस. सांत्वन केलं, मग तेरावा रकाना वाचून दाखवला आणि खात्री करून घेतली. दोनदा विचारलं, दोनदा सांगितलं. दोनदा झटका.

आंघोळीच्या वेळी आरशात पाहिलं. डाव्या कुशीवर दोन लाल ठिपके आहेत. ढेकूण असेल म्हणून गादी उन्हात टाकली. मग पट्टी लावून ठिपक्यांमधलं अंतर मोजलं.

दोन सेंटीमीटर.

५ फेब्रुवारी, बुधवार

हे लिहिताना लाज वाटते. वाटू दे.

दुपारी क्षमा माझ्या खोलीत आली. दार लोटून घेतलं. मराठी तिला कळतं, पण ती इस्पितळात माझ्याशी हिंदीतच बोलते. हळू आवाजात म्हणाली, “सर, पहली वाली में तो उन्होंने पूछा था ना?”

सांगायला किती लागलं असतं? हो, एवढंच. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि तिच्याकडे बघून म्हणालो, “कौन सी पहली वाली?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी उघडा पडल्यासारखा झालो. माझी मुलगी शोभेल अशा वयाची आहे. तिची नोकरी माझ्या एका शब्दाने जाऊ शकते, हे तिलाही ठाऊक आणि मलाही. अच्छा, म्हणाली आणि गेली. संध्याकाळी कळलं, तिने बाळंतिणींच्या वॉर्डात बदली मागून घेतली.

ती गेल्यावर तीन झटके. एकामागून एक, माझ्या ठोक्याशी जुळवून. मी टेबल धरून मोजले. मोजताना लक्षात आलं की मी एक, दोन, तीन म्हणत नव्हतो. सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट म्हणत होतो.

कागदावरची रिकामी जागा कोण भरतंय ते कळलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

शांतपणे विचार केला. यंत्र एकसष्टाला थांबलं. एकोणतीस उरले होते. मी खोटं बोललो की एक येतो. मोठं खोटं असेल तर जास्त. उपाय सरळ आहे. पद्मजाच्या घरी जायचं आणि सांगायचं की तुझ्या बाबांनी विचारलं होतं, मी उत्तर दिलं नाही. नोकरी जाईल, चौकशी होईल, वर्तमानपत्रात नाव येईल. माझं नाव वर्तमानपत्रात यावं म्हणून मी आयुष्यभर धडपडलो आहे.

बघा, अजून सुचतात.

रामकृष्णजी जिन्यात भेटले. काम कसं चाललंय म्हणाले. छान चाललंय म्हणालो. एकोणसत्तर.

त्यांनी विचारलं, कमर में दर्द है क्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार

न राहवून सोनोग्राफी करून घेतली. अनिमेषने स्वतः केली. थंड जेल, मग त्याचा हात एका जागी थांबला. मी पडद्याकडे पाहिलं नाही. आकडा त्याने म्हणायच्या आधी मला माहीत होता.

डावं मूत्रपिंड. दोन पॉइंट दोन.

त्याने माझं पोट पुसलं, स्टूल ओढून जवळ बसला आणि अगदी मायेने बोलला.

“दादा, घाबरू नका. राहू द्या तशीच. अशा गाठी वर्षानुवर्षं हलत नाहीत. सहा महिन्यांनी बघू, मग पुन्हा सहा महिन्यांनी. हात लावायची घाई कशाला?”

मी प्रश्नसुद्धा विचारला नव्हता.

ज्याने हात वर करून विचारलं त्याला विनोद मिळाला, आणि मला न विचारता उत्तर. तेच उत्तर. चौथ्या पानावरचं, शब्दाला शब्द. अनिमेषला हे जाणवलंसुद्धा नाही. तो उजळ चेहऱ्याने माझ्यासाठी चहा सांगत होता. तेव्हा म्हणायला हवं होतं, अरे, हे तू त्यांना का नाही सांगितलंस, मी का नाही सांगितलं. मी चहा प्यालो. बिस्किटही घेतलं. आता बरं वाटतंय ना, या त्याच्या प्रश्नाला हो म्हणालो.

सत्तर.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

नैतिकता समितीची बैठक. लांब टेबल, सात जण, पाण्याच्या बाटल्या. फीत लावली. दुसरी. भिंतीवर सर, माझ्यापेक्षा मोठे दिसत होते. मी वाचतोय. किती छान वाचतोय. चौथं पान आलं आणि गेलं.

मी सरांच्या हातांकडे पाहत होतो. त्या दिवशी पाहिले नव्हते. उजवा हात टेबलावर, आणि डाव्याने तो मनगटाशी दाबून धरलेला. पूर्ण बारा मिनिटं. उजव्याची बोटं मधूनमधून वर येतात, डावा हात पुन्हा दाबतो. मी त्यांना सांगितलं होतं ना, मध्ये काही नको.

शेवटी माझा आवाज: काही प्रश्न? आणि त्यांचा: प्रश्न नाही.

अध्यक्ष पद्मजा नव्हे— हे काय लिहितोय. अध्यक्षीणबाई राजश्री म्हणून निवृत्त न्यायाधीश आहेत. त्यांनी मला विचारलं, रुग्णाला सगळे पर्याय समजले होते असं तुम्ही म्हणता का? हो म्हणालो. संमतीची प्रक्रिया आदर्श, असा शेरा लिहिला गेला. सगळ्यांनी सह्या केल्या.

दहा. सलग दहा, मग क्षणभर विश्रांती, यंत्र घेतं तशी. मी बाटलीला धरून बसलो. पाणी हलत होतं. शेजारचे गृहस्थ म्हणाले, मोबाईल व्हायब्रेट होतोय तुमचा.

ऐंशी.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दीक्षितपुऱ्यात गेलो. सांगायला गेलो होतो. देवाशपथ सांगायलाच.

सरांची सायकल ओट्याला टेकवलेली. पद्मजाने चहा केला. भिंतीवर फळा, त्यावर शिकवणीच्या मुलांचं अर्धं सोडवलेलं गणित अजून तसंच. ती बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

“काका, एक बात पूछूं? बाबांनी काहीच नाही विचारलं? ते तं भाजीवाल्याला पण तीन सवाल पूछते थे. वर्गात म्हणायचे, ज्याला प्रश्न नाही त्याला समजलं नाही.”

कपात चहा होता. साय धरत होती. माझ्यापुढे तिचा चेहरा, वडिलांसारखाच, कान देऊन बसलेला.

“नाही,” मी म्हणालो. “त्यांना सगळं समजलं होतं.”

नऊ. कप फुटला. मी खुर्चीतून खाली आलो. तिने मला उठवलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, रडू नका काका, तुम्ही तं त्यांच्यासाठी इतकं केलं. माझ्या पँटवर सांडलेला चहा तिने पुसला. तिने. माझा.

एकोणनव्वद.

एक उरला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कामाला गेलो नाही. कोणाशी बोललो नाही. बोललं नाही तर खोटं बोलता येत नाही.

ठिपके आता ठिपके नाहीत. भोकं आहेत. बाकी वरून शाबूत.

दुपारी फोन. पद्मजा. उचलायचा नव्हता, उचलला. आवाज वेगळा. बाबांच्या फायलीत संमतिपत्राची प्रत मिळाली, म्हणाली. मागच्या कोऱ्या पानावर त्यांचं अक्षर आहे. वाचून दाखवलं.

प्र. १. तशीच राहू दिली तर? आणि त्याच्या पुढे कंसात: पुन्हा विचारणे.

बुधवारी शाळेला शिवरात्रीची सुटी आहे. येते म्हणाली.

पुन्हा विचारणे. म्हणजे दारात थांबले होते तेव्हा—

२५ फेब्रुवारी

नंदी घरी आणलाय. त्याच्याकडे बघून सराव करतो. पद्मजा, तुझ्या बाबांनी विचारलं होतं. एवढं जमतं. पुढचं वाक्य आलं की तोंडात काहीतरी गमतीदार येतं. पाहुणा येतो. भरीत येतं. तीस वर्षांची सवय, जीभ आपोआप—

सरळ एक वाक्य. मला एक सरळ वाक्य येत नाही.

काळजाचा ठोका पडतो आणि मागे एक जागा असते. तिथे तो उरलेला एक थांबलाय. दर ठोक्याला वाटतं, आता. नाही. आता. नाही.

२६ फेब्रुवारी

अकरा वाजलेत. बाहेर ऊन. ऑटो थांबला. तीच.

रामकृष्णजींशी बोलतेय. ते म्हणतात, ऊपरच आहेत, जा ना बेटा. जिना चढतेय.

सांगणार. या वेळी नक्की. फक्त आधी इथे लिहून घेतो, म्हणजे तोंडावर आल्यावर चुकणार नाही. दोन ओळी. त्या बघून वाचीन. वाचता मला येतं.

दार वाजलं. काका, म्हणते. कागदाचा आवाज येतोय तिच्या हातात.

आलो. एकच मिनिट. लिहितोय.

पुन्हा वाजलं. काका, सुनिए, एकच सवाल आहे—

हो. उठतो. हे एवढं वाक्य पुरं करून. सर, तुम्ही विचारलं होतं. ऐका, हे उत्तर, विनोद नाही. तशीच राहू दिली असती तर तुम्ही आज